लंडनच्या भिंतींवरील पाट्या

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा अहवालात आलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी आज एका प्रवासाविषयी बोलणार आहे. प्रवास लंडनचा आहे; पण तो अखेर आपल्या पंडरीपर्यंत कसा येऊन पोहोचला, हे सांगण्यासाठीच मी उभी आहे.

गेल्या उन्हाळी सुट्टीत माझ्या भाच्याच्या आग्रहावरून मी पंधरा दिवस लंडनला राहून आले. प्रवासी जे पाहतात ते सारे मीही पाहिले. टॉवर ऑफ लंडनमध्ये सरकत्या पट्ट्यावर उभे राहून राजमुकुटांचे दर्शन घेतले. कोहिनूरसमोरून तो पट्टा इतक्या लवकर पुढे सरकतो, की हळहळ वाटायलाही पुरेसा वेळ मिळत नाही! थेम्सवरचे पूल पाहिले, पार्लमेंटची इमारत पाहिली. त्यांची वर्णने आपण अनेकदा वाचली आहेत. म्हणून तेथे थांबत नाही.

माझ्या मनात घर केले ते तेथील भिंतींवरच्या पाट्यांनी. लंडनमध्ये एखाद्या घरात कुणी कर्तृत्ववान व्यक्ती राहून गेली असेल, तर त्या घरावर एक वाटोळी निळी पाटी लावतात. तीवर नाव, जन्ममृत्यूची वर्षे, थोडक्यात कार्य आणि वास्तव्याचा काळ एवढाच मजकूर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही प्रथा चालत आली आहे. घर आजही राहते असते. आत कुणाचा तरी स्वयंपाक चाललेला असतो आणि बाहेर इतिहास शांतपणे लिहिलेला असतो.

या पाट्यांत आपली नावे आहेत. मेडा व्हेल भागातील हाउली प्लेस येथे १० क्रमांकाच्या घरावर लोकमान्य टिळकांची पाटी आहे. चिरोल खटल्यासाठी ते १९१८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा या घरात राहिले. खटला ते हरले. पण घराने त्यांचे नाव जपले. हायगेटमधील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेले इंडिया हाउस. तेथे स्वातंत्र्यवीर सावरकरांची पाटी आहे. १८५७ वरील आपला ग्रंथ सावरकरांनी लंडनमध्ये राहून लिहिला, आणि तो मराठीत लिहिला, हे मराठी शाळेतील आपण विसरू नये.

तिसरे घर १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. १९१६ मध्ये ते प्रथम लंडनला शिकायला आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, डी.एस्सी. व बॅरिस्टरी हे सारे त्यांनी पुरे केले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले आणि आता तेथे त्यांचे स्मारक आहे. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी एक विद्यार्थी पुन्हा समुद्र ओलांडतो, ही गोष्ट वर्गात मी कितीदा तरी सांगितली आहे. त्या दारासमोर उभी राहिले, तेव्हा मात्र माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

तेथेच तो प्रसंग घडला. भाच्याची दहा वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. तिने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, "आत्याआजी, रायपूरला आपल्या लोकांच्या घरांवर अशा पाट्या आहेत का? आपण तिथे केव्हा गेलो?"

मी म्हणाले, "भोसल्यांच्या काळात." पुढे काय सांगावे ते मला सुचेना. कोण गेले, का गेले, प्रथम कोठे राहिले? इतिहासात एम.ए. केलेल्या आणि तीस वर्षांच्या आसपास शिकवीत आलेल्या बाईला लंडनमधील तीन मराठी पत्ते पाठ होते, आणि स्वतःच्या शहरातील एकही नव्हता. मुलीने दुसरा प्रश्न विचारला नाही. तो तिने विचारला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला लीडनहॉल स्ट्रीटवर नेण्यास सांगितले. तेथे आज लॉइड्सची काचा-पोलादाची भव्य इमारत आहे. त्याच जागी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्यालय होते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत केले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. सुमारे चौदा वर्षे ते तेथे राहिले. परकी भाषा शिकले, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत बोलले, पत्रके छापून वाटली. महाराज १८४७ मध्ये काशीला निवर्तले, पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले, तरी हा माणूस दाद मागतच राहिला. अखेर रिकाम्या हातांनी परतला आणि १८५७ च्या धामधुमीत असा दिसेनासा झाला, की त्याचा ठाव कुणालाच लागला नाही.

त्याच कंपनी सरकारने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. नागपूरबरोबर छत्तीसगडही गेले, म्हणजे आपले रायपूरही गेले. लीडनहॉल स्ट्रीटवरील त्या फरसबंदीवर उभी असताना मला प्रथम जाणवले, की आपल्या शहराचे भवितव्य एके काळी या जागी, आपल्याला न विचारता ठरत होते.

पण बंधुभगिनींनो, इतिहास शिकवणाऱ्याने अर्धेच सांगून थांबू नये. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली, आणि शतकानुशतके येथे नांदलेल्या कलचुरींची सत्ता मोडली. तेव्हा येथील प्रजेलाही कुणी विचारले नव्हते. लीडनहॉल स्ट्रीटवर आपण दाद मागणारे होतो. रतनपूरच्या वेशीवर मात्र दुसऱ्या बाजूला होतो. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून कारभार केला, रामटेकडीवर राममंदिर बांधले. दफ्तरांतून मोडी लिपी आली, तिच्याबरोबर कारकून आले, कुटुंबे आली. आपण येथे आलो ते सत्तेबरोबर. आपली सत्ता गेली, तरी या भूमीने आपल्याला जा म्हटले नाही. उलट येथील भाषेने, भाताने आणि माणसांनी आपल्याला आपलेसे केले. या ऋणाची नोंद कोणत्या पाटीवर आहे?

ते ऋण फेडणारेही आपल्यात झाले. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. घरची भाषा मराठी असलेल्या या माणसाला हिंदी जगत आपला मानते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये न. चिं. केळकरांनी स्थापन केले; रायपूरचे १९३५ चे. दोन्ही ठिकाणी परमुलखातील माणसांना एकाच गोष्टीची आस होती. आपली भाषा ओसरीवर तरी शिल्लक राहावी, एवढीच ती आस होती.

आता आपल्या शाळेविषयी स्पष्ट बोलते. मराठी माध्यमाचे आपले वर्ग विरळ होत चालले आहेत. पालक मला विचारतात, "बाई, रायपुरात मराठी शिकून काय उपयोग?" नोकरीच्या दृष्टीने विचारले तर माझ्याजवळ मोठे उत्तर नाही, आणि खोटे उत्तर मी देणार नाही. मात्र इतके सांगेन: ज्या घराला आपण येथे कसे आलो हे सांगता येत नाही, त्या घरातील मूल लंडनला जाऊनही केवळ प्रवासीच राहते. आजीची पत्रे, जुनी खरेदीखते, देवघरातील पोथीच्या मागील पानावरच्या नोंदी हे सारे मराठीत आहे. ते वाचणारे शेवटचे मूल याच शाळेतून बाहेर पडावे, असे आपल्याला वाटते का?

म्हणून या वर्षी इयत्ता आठवी व नववीचे विद्यार्थी एक काम हाती घेत आहेत. रायपुरातील जुन्या मराठी घरांची, वाड्यांची, दुकानांची माहिती ते गोळा करतील. मालकांची संमती असेल तेथे एक लहान पाटी लागेल. मराठीत, हिंदीत आणि छत्तीसगढीतही. नियम एकच आहे: पुरावा नसेल ते लिहायचे नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने महाराष्ट्राला तीन वर्षांसाठी दिलेली वाघनखे आपण जाणता. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याचा पुरावा आपल्याजवळ नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. आपल्या भावनेला ते रुचत नाही. पण पाटीवर असेच लिहावे लागते.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. देणग्या आपण उदार हाताने दिल्या आहेत. आता आठवणी द्या. आजोबा कोणत्या साली आले, कोठून आले, कोणत्या पाऱ्यात उतरले, कुणी त्यांना पहिल्या रात्री जेवू घातले, ते लिहून शाळेकडे पाठवा. मोडी कागद असतील तर दाखवा. येत्या दिवाळीत भाच्याची मुलगी रायपूरला येणार आहे. पंडरीच्या कापड बाजारातील गर्दीतून तिला घेऊन मी जुन्या रायपुरात जाणार आहे. तेव्हा तिने थांबून वाचावी अशी निदान एक तरी पाटी तेथे असावी, आणि ती आपल्या विद्यार्थ्यांच्या अक्षरात असावी, एवढीच माझी इच्छा आहे.