निरोपाच्या वेळी शरीर काय सांगते

(डमडम येथे दिलेले व्याख्यान)



डमडमच्या रहिवाशांना निरोपाचे दृश्य नवे नाही. येथील विमानतळाला १९९५ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. तथापि आपल्या बोलण्यात तो अद्याप डमडमचाच विमानतळ आहे. पोचवायला आलेली मंडळी प्रवेशद्वारापाशी थांबतात. आई मुलाच्या तोंडावरून हात फिरवते, धाकटी बहीण रडते. वडील मात्र सामानाची कुलुपे तपासतात, घड्याळाकडे पाहतात आणि सर्वांच्या आधी पाठ फिरवतात. आपल्याकडे निघताना ‘जाई’ म्हणत नाहीत, ‘आशी’ म्हणजे ‘येतो’ असे म्हणतात. तेवढा शब्द ऐकायलाही ते थांबत नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांच्याविषयी घरात एक मत तयार होते, आणि ते पुष्कळदा जन्मभर टिकते: यांना काही वाटतच नाही. हे मत तपासून पाहावे, एवढाच आज माझा हेतू आहे.

मूल आणि त्याचा सांभाळ करणारी व्यक्ती यांच्यातील अनुबंधाचा विचार जॉन बोल्बी यांनी मांडला व मेरी एन्सवर्थ यांनी तो निरीक्षणाने पारखला. आई खोलीबाहेर गेली असता काही मुले रडतात व ती परतताच शांत होतात. काही परतल्यावरही शांत होत नाहीत. काही तिच्याकडे पाहतही नाहीत, खेळण्यात गढलेली दिसतात. या तिसऱ्या गटाच्या हृदयाचे ठोके ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मोजले होते. मन एखाद्या वस्तूत खरोखर रमले की ठोके किंचित मंदावतात. या मुलांचे ठोके मंदावले नव्हते. ते वाढलेलेच होते. खेळणे हातात होते, एवढेच.

प्रौढांच्या प्रेमसंबंधांतही असेच तीन प्रकार दिसतात, असे सिंडी हझान व फिलिप शेव्हर यांनी १९८७ साली दाखवले. त्यानंतर १९९२ साली मेरी डोझियर आणि रॉजर कोबॅक यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले व त्याच वेळी त्यांच्या त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजली. तळहातावरील घर्मग्रंथी अनुकंपी चेतासंस्थेच्या आज्ञेत असतात. मनावर ताण आला की त्या स्रवतात आणि त्वचेतून वीज अधिक सुलभतेने वाहते. चेहरा आवरता येतो. तळहात सहसा आवरता येत नाही. जे विद्यार्थी जिव्हाळ्याचा विषय झटकून टाकत असत, त्यांचीच वाहकता ताटातूट आणि झिडकारले जाणे यांविषयीच्या प्रश्नांच्या वेळी स्पष्टपणे वाढली.

अशा मापनाचे आपणांस अप्रूप वाटू नये. कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या देखरेखीखाली भारतातील पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा फार पूर्वीच सुरू झाली होती.

क्रिस फ्रेली आणि शेव्हर यांनी तर विमानतळावरच जोडप्यांचे निरीक्षण केले व ते १९९८ साली प्रसिद्ध केले. जवळीक टाळणाऱ्या स्त्रिया निरोपाच्या वेळी जोडीदारापासून अधिक दूर सरकत असल्याचे त्यांना आढळले. तेथे वर्तन पाहिले गेले, नाडी नव्हे. दोन्ही निष्कर्ष सरळ जोडण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे. तळहात ओला झाला म्हणजे प्रेम सिद्ध झाले, असेही नव्हे. भय, लाज, किंवा भावना दाबण्याचे श्रम यांनीही तो ओला होतो, आणि यांपैकी काय घडले ते यंत्र सांगत नाही. शिवाय काही माणसे मनातूनही शांत असतात, परतभेटीचा त्यांना भरवसा असतो. अमेरिकेतील तरुण विद्यार्थ्यांवरून आपल्याकडील प्रौढ गृहस्थाचे निदान करणे तर मला धाडसाचेच वाटते. परंतु घरातले ते मत केवळ पाठमोऱ्या माणसाकडे पाहून बनलेले असते, आणि त्याला इतका पुरावा पुरत नाही.

मुलगा सुखरूप पोचल्याचा दूरध्वनी रात्री येतो, तेव्हा वडील तो आईच्या हाती देतात. मग ते शेजारीच उभे राहतात आणि विमान वेळेवर उतरले का, एवढेच विचारायला सांगतात.