तुंबलेलं पित्त

डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे एकच शब्द निघतो, कावीळ. मग कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी नाकात थेंब सोडतं आणि पंधरा दिवस वाट पाहिली जाते. पुष्कळदा कावीळ आपोआप उतरतेही. श्रेय मात्र माळेला मिळतं! पण सगळ्या काविळी एका जातीच्या नसतात. पित्ताची वाट अडून जी होते, तिच्याविषयी आज बोलू.

उजव्या बरगड्यांखालच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. त्यातलं पाऊण हिस्सा रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं, बाकीचं रोहिणीतून. याशिवाय यकृतात लसिका नावाचा फिकट रस पाझरतो. तो छातीतल्या एका नळीवाटे वर चढून मानेजवळ रक्तात मिसळतो. पित्ताची वाट या दोहोंहून निराळी, ती थेट आतड्यात उतरते.

आता ही पित्तनळी खड्यानं, गाठीनं, क्वचित जंतानंही बुजली असं समजा. पाटाचं तोंड बुजलं की पाणी मागे फुगतं आणि बांधातून पाझरू लागतं. इथंही तसंच. यकृत पित्त करायचं लगेच थांबत नाही. नळीतला दाब पाण्याच्या तीस सेंटिमीटर उंचीइतका झाला, म्हणजे कुठं ते थांबतं. तोवर पित्त पेशींच्या फटींतून लसिकेत आणि रक्तात शिरलेलं असतं. एकोणिसाव्या शतकात कुत्र्यांची पित्तनळी बांधून प्रयोग झाले, तेव्हा छातीतल्या नळीतली लसिका पिवळी झालेली आढळली. लसिकेचा ओघ वाढतो, तिच्या वाहिन्या रुंदावतात. सूज आलेल्या यकृतात आतड्यांकडच्या रक्तालाही वाट अवघड होते, त्या शिरेतला दाब चढतो. रोहिणी थोडीफार तूट भरून काढते खरी. पण अडथळा महिनोन्महिने राहिला तर यकृतात निबर तंतू वाढतात. मग वाट मोकळी केली तरी ते पूर्वीसारखं होईलच असं नाही.

याहून घातकी गोष्ट अशी, की तुंबलेल्या पित्तात रोगजंतू वाढले तर तोच दाब त्यांना रक्तात ढकलतो. हुडहुडी भरून ताप, उजव्या कुशीत कळ आणि पिवळे डोळे ही तिन्ही एकदम दिसली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.

एरवी ओळख काय? लघवी गडद होते, शौचाला पांढुरकं, मातकट होतं, कारण रंग देणारं पित्त आतड्यात पोचतच नाही. अंगाला खाज सुटते. पित्तावाचून ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही, म्हणून जखमेचं रक्त लवकर थांबत नाही. सोनोग्राफीत फुगलेली नळी बहुधा दिसते, आणि पुष्कळदा तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढताही येतो.

गुरुजींनी आणि मायबहिणींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तान्ह्या बाळाचा पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही टिकला आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर त्याची पित्तनळीच बुजलेली असू शकते. त्यावरची शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झाली, तर यश येण्याचा संभव पुष्कळ जास्त असतो.