राज्यघटनेनं राखलेलं रान

आपली कळसूबाई १६४६ मीटर उंच. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं सर्वांत उंच शिखर, माउंट मार्सी, १६२९ मीटरचं. म्हणजे कळसूबाईपेक्षा सतरा मीटरनं ठेंगणंच! पण मार्सी चढणारा माणूस शेवटच्या टप्प्यात झाडांची हद्द मागे टाकतो. उत्तरेकडचा वारा आणि थंडी अशी, की माथ्यावर झाड तग धरत नाही. खडकाच्या फटींतून बोटभर उंचीची रोपं तेवढी जगतात. या मुलखाचं नाव ॲडिरॉन्डॅक. न्यूयॉर्क शहरातून मोटारीनं उत्तरेला पाचएक तास गेलं, की सिमेंटचं जंगल संपून खरं जंगल लागतं. न्यू जर्सीला मुलांकडे गेलेले आपल्याकडचे आजी-आजोबा नायगारा हमखास पाहून येतात. त्यांनी एकदा इकडेही वळावं.

हे उद्यान साधारण ६० लाख एकरांचं. त्याला ना प्रवेशद्वार, ना तिकीटखिडकी. जवळपास निम्मी जमीन सरकारची, उरलेली खासगी. मध्येच गावं, शाळा, लाकडाच्या वखारी. सुमारे एक लाख तीस हजार माणसं तिथे बारमाही राहतात. तीन हजारांच्या आसपास तळी आहेत. होडी वल्हवत एक तळं संपलं, की ती खांद्यावर घ्यायची आणि पायवाटेनं पुढच्या तळ्यात नेऊन सोडायची. रानात मुक्कामासाठी ओंडक्यांचे निवारे आहेत. तीन बाजूंना भिंती, चौथी उघडी, थेट आपल्या जुन्या घराच्या पडवीसारखे! जागा असेतो आलेल्याला नाही म्हणायचं नाही, हा तिथला रिवाज.

आता हे रान राहिलं कसं, ते सांगतो. मला तरी डोंगरांपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते. एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड्यांनी इथले डोंगर बोडके करत आणले होते. व्हर्प्लँक कोल्विन नावाचा सर्वेक्षक वर्षानुवर्षं हे डोंगर मोजत हिंडत होता. १८७२ मध्ये त्यानं मार्सीच्या कुशीतलं एक चिमुकलं तळं शोधलं. हडसन नदीचा सर्वांत उंचावरचा उगम तो. झाडं गेली तर नदी आटेल, कालवे कोरडे पडतील, असं तो सांगत राहिला. निसर्गप्रेमापेक्षा पाण्याची आणि व्यापाराची ही भीतीच कामी आली, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. १८८५ मध्ये सरकारी वनं राखीव झाली, १८९२ मध्ये उद्यान झालं. तरीही चोरटी तोड थांबेना. तेव्हा १८९४ मध्ये थेट राज्याच्या घटनेतच कलम घातलं गेलं: ही सरकारी वनभूमी कायम रानच राहील, ती विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, तिथली झाडं तोडायची नाहीत.

साधा कायदा सरकार बदललं की बदलता येतो. घटनेचं तसं नाही. लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी मंजुरी द्यायची आणि मग सगळ्या राज्यानं मतदान करायचं. व्हाइटफेस डोंगरावर स्कीच्या घसरणी करायच्या होत्या, तेव्हा १९४१ मध्ये जनतेचा कौल घ्यावा लागला. पुढे सरकारनंच बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांसाठी रुंद वाटा काढायला घेतल्या. लहानमोठी मिळून सुमारे पंचवीस हजार झाडं जाणार होती. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये निकाल लागला, की हे घटनेत बसत नाही. गावकऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती बरं का. हिवाळ्यात पर्यटक आले नाहीत, तर तिथल्या खाणावळींनी आणि दुकानांनी करायचं काय? तरी मला तो निकाल योग्य वाटतो. एकदा सोयीसाठी सूट दिली, की पुढची सोय दारात उभीच असते.

मात्र कुऱ्हाड थांबली तरी पाऊल थांबलेलं नाही. ४६ उंच शिखरं पुरी करण्याचं तिथे मोठं वेड आहे. रॉबर्ट आणि जॉर्ज मार्शल या भावांनी हर्बर्ट क्लार्क या वाटाड्याबरोबर ती १९२५ पर्यंत पुरी केली. आज हजारो लोक त्याच मागे असतात. शनिवार-रविवारी रस्त्याकडेला गाड्यांच्या रांगा लागतात. खासगी जमिनीवरून जाणाऱ्या एका लोकप्रिय वाटेवर तर २०२१ पासून मोसमात आधी नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

जायचं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला जावं. मेपल लालभडक झालेले असतात. मे-जूनमध्ये काळ्या माश्या फोडून काढतात, आणि वसंतातल्या चिखलात उंच वाटांवर जाऊ नका, असं वनखातंच सांगतं. पूर्वेकडच्या उंच शिखरांत मुक्काम करायचा, तर अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा खाण्यासाठी न्यावाच लागतो. झाडाला पिशवी टांगून भागत नाही. तिथली अस्वलं ती युक्ती कधीच शिकली आहेत.

माथ्यावरच्या त्या बोटभर रोपांची राखण करायला १९८९ पासून उन्हाळ्यात राखणदार असतात. कडेला दगड मांडून ते वाट आखून देतात, म्हणजे कुणाचा पाय रोपांवर पडत नाही. हे दगड वर न्यायचे कुणी? काही वाटांच्या पायथ्याशी त्यांचे ढीग ठेवलेले असतात. चढणाऱ्यानं झेपेल तेवढा एक उचलायचा, पाठपिशवीत टाकायचा आणि वर नेऊन राखणदाराच्या हवाली करायचा.