साखरेचा फलक आणि कामगाराची भूक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा बोनस किंवा कंत्राटी कामगार यांपैकीच काही बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आजचा विषय आम्हीच मागून घेतला. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे वाचन भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांच्या फाटकांवर, रातपाळी सुटण्याची वाट पाहत झाले. तेव्हा वैद्यकात आमची चूक झाली, तर सभेत डॉक्टर मंडळी बसली आहेत, त्यांनी ती खुशाल दाखवावी.

गोष्ट २०२५ सालच्या जुलैची. त्याआधी २१ जून रोजी केंद्रीय आरोग्य सचिवांनी सर्व मंत्रालयांस व खात्यांस एक पत्र पाठविले होते. खाण्याच्या जिनसांतून तेल आणि साखर किती पोटात जाते हे सांगणारे फलक कचेऱ्यांत व उपाहारगृहांत लावावेत, इतकीच मुख्य सूचना. तत्पूर्वी मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांस साखरेचे फलक लावण्यास सांगितले होते, कारण मोठ्या माणसांचा म्हणून ओळखला जाणारा टाइप २ मधुमेह आता मुलांत दिसू लागला आहे. त्या वेळी फारसे कोणी रागावले नाही. परंतु सचिवांच्या पत्राबरोबर नागपूरच्या एम्सचे नाव वर्तमानपत्रांत आले, आणि बातमी अशी पसरली की समोसा, जिलेबी व वडापाव यांवर सिगारेटसारखा धोक्याचा इशारा लागणार!

मग काय विचारता! ममता बॅनर्जींनी बंगालमध्ये हे चालू देणार नाही असे जाहीर केले. मुंबईचे खासदार मिलिंद देवरा यांचे म्हणणे असे पडले की नियम करायचा तर सर्वांस सारखा करावा. पिझ्झा-बर्गर सुटले आणि आपले पदार्थ तेवढे अडकले असे नको. १५ जुलैला सरकारने खुलासा केला की विक्रेत्यांच्या मालावर इशारा छापण्याचा हुकूम मुळी नाहीच. पण खुलासा वाचतो कोण? लोकलच्या डब्यात आठ दिवस वडापावाचाच कैवार चालू होता.

आणि आम्ही काय केले? आम्हीही त्या आठवड्यात एका द्वारसभेत भाषण ठोकले. दादर स्टेशनाबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडा पावात घातला म्हणतात, तिथपासून आरंभ केला. १९८२ च्या संपानंतर गिरणीतून बाहेर फेकलेल्या किती जणांनी त्या गाडीवर संसार ओढला, ते सांगितले. गरिबाच्या घासावर सरकारची नजर गेली, असे म्हणालो. टाळ्या पडल्या. भाषण चांगले झाले, हे आजही कबूल करतो.

सभा संपल्यावर पॅकिंग खात्यातला एक गडी आम्हांस सायकल स्टँडच्या मागे घेऊन गेला. वय सेहेचाळीस, बारा वर्षे अधूनमधून रातपाळी. त्याने बूट काढला, मोजा काढला. अंगठा व शेजारचे बोट काळे पडलेले. बुटात पत्र्याचा तुकडा शिरला होता आणि तो दोन दिवस तसाच चालत होता, कारण पायाला काही कळतच नव्हते. तो म्हणाला, "दादा, भाषण झकास झाले. पण साखर इतकी वाढलीय हे मला आधी कोणी सांगितले असते तर?" पुढे ती दोन्ही बोटे काढावी लागली.

ह्या रोगाचा कावा येथेच आहे. शरीर इन्सुलिन बनवते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि साखर रक्तात साचत जाते. दुखत नाही, खुपत नाही. वर्षे निघून जातात. तोवर पायाच्या शिरा बधिर होतात, डोळ्याचा पडदा बिघडतो, मूत्रपिंड थकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे असा अंदाज आहे. आमच्या ह्या गड्याचा तर समज असा की आपण गोड खातच नाही! आम्ही त्याच्याबरोबर बसून हिशेब केला. रातपाळीत सहा कटिंग, प्रत्येकीत दीड चमचा साखर; म्हणजे नऊ चमचे, चाळीस ग्रॅमच्या आसपास. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असावी असे शास्त्र सांगते. शिवाय वडापावात साखर नसली तरी मैद्याचा पाव आणि बटाटा यांची पोटात साखरच होते, ते वेगळेच.

मग लोक रागावतात ते वेडे म्हणून काय? तसे आम्ही म्हणणार नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१२ च्या जानेवारीत एक जाहिरात लावली होती. गोड पेयांचे मोठे मोठे होत जाणारे पेले, आणि पुढे पाय कापलेला माणूस. पुढे उघड झाले की तो माणूस धडधाकट नट होता. पाय चित्रात कापला होता. झाले! शहरभर चर्चा त्या नटाच्या पायाची, मधुमेह बाजूलाच. आपल्याकडे वडापावाच्या अपमानाची चर्चा झाली. माणसाला भिवविले किंवा हिणविले की तो आधी आपली अब्रू सांभाळतो. मध्यरात्री दहा मिनिटांची सुटी, कँटीन बंद, फाटकाबाहेर एकच गाडी पेटलेली. अशा माणसाला फलक दाखवून तू चुकीचे खातोस म्हणणे हा उद्धटपणाच झाला. आमच्या भाषणात तेवढे खरे होते. खोटे हे होते की म्हणून फलकच नको.

घाटकोपरच्या लोकांना सांगायला नको, डॉ. दत्ता सामंत पंतनगरात दवाखाना चालवीत होते आणि खाणकामगारांच्या दुखण्यातूनच युनियनकडे वळले. त्यांची सगळी मते आम्हांस पटली असे नाही. पण औषध आणि मागणीपत्र ही दोन निराळी कामे नव्हेत, हे आम्ही विसरून बसलो होतो.

१९४८ च्या कारखाना कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असतील तर कँटीनची सोय होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो आकडा शंभर आहे, आणि कंत्राटी कामगार त्यात धरले आहेत. शिवाय वर्षाकाठी मोफत तपासणीचेही कलम आहे. ह्या संहितांना आमचा विरोध आहे, तो का, हे पुन्हा कधी सांगू. पण ही दोन कलमे आम्ही सोडणार नाही. आमच्या मागणीपत्रात यंदा रातपाळीला अर्ध्या तासाची सुटी, रात्री उघडे कँटीन, त्यात उसळ-भाकरी, रक्ताची तपासणी आणि साखरेचा फलक, एवढे एकत्र घातले आहे. व्यवस्थापनाने फलक लगेच मान्य केला. त्याला खर्च नाही ना! बाकीचे अजून टेबलावर आहे.

फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला हे कळले तेव्हा तो धास्तावून आमच्याकडे आला. फलक माझ्या गाडीवर लावणार काय, असे विचारू लागला. आम्ही म्हटले, नाही. तो जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मग दादा, उकडलेले चणे ठेवून बघू का? खपतील?" आम्ही म्हटले, बघा. पहिल्या रात्री अर्धा टोप परत गेला. दुसऱ्या रात्री त्याने त्यात कांदा आणि लिंबू घातले.