अमृता शेर-गिल यांची चित्रसाधना
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चित्रे काढण्यात रमणारे मूल घरोघरी उनाड ठरते, हे आम्ही शिक्षकी पेशात वारंवार पाहिले आहे. म्हणून आज आम्ही अमृता शेर-गिल यांचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १९१३ साली बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग हे संस्कृत व फारसीचे व्यासंगी शीख सरदार. मातोश्री हंगेरियन, गायनकलेत निपुण. सिमल्याच्या कॉन्व्हेंट शाळेत अमृताने आपण नास्तिक असल्याचे सांगितले, तेव्हा तिला शाळेतून काढून टाकण्यात आले. तथापि आईवडिलांनी तिची कला खुंटू दिली नाही. १९२९ साली ते तिला पॅरिसला घेऊन गेले. तेथील नामांकित कलाशाळेत ती तैलरंग शिकली आणि १९३३ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, 'ग्रां सालों' या प्रदर्शनसंस्थेची सहसदस्य झाली.

एवढा मान मिळूनही १९३४ साली त्या स्वदेशी परतल्या. पुढे अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहिल्यावर पॅरिसचे शिक्षण व भारतीय परंपरा यांचा मेळ त्यांच्या चित्रांत दिसू लागला. १९४१ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, लाहोर येथे त्या निवर्तल्या.

पालकहो, शाळेने दूर केलेल्या मुलीला घराने दूर केले नाही, म्हणून ही चित्रे देशाला लाभली. आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्तीत चित्रकलेच्या विद्यार्थ्यासही स्थान असावे, एवढीच आमची विनंती आहे.