वसंतातील पाखरे : मुंबईची खाडी आणि डोणगावचा पळस

(डोणगाव, जिल्हा बुलडाणा येथील श्रोत्यांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



फाल्गुन लागला की बांधावरच्या पळसावर सकाळी जो कलकलाट सुरू होतो, त्याला पाखरांचा आठवडी बाजार म्हटले तरी वावगे ठरणार नाही. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या आणि काळ्या पंखांच्या भोरड्या थव्याथव्याने येतात, फुलांत चोची खुपसतात, आपसांत भांडतात, आणि कुणी टाळी वाजविली की सारा थवा एका अंगाने उठून दुसऱ्या झाडावर जाऊन बसतो. त्याच सुमारास, रस्त्याने साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मुंबईत, शिवडीच्या चिखलमैदानापाशी दुर्बिणी गळ्यात अडकवून माणसे ओहोटीची वाट पाहत उभी असतात. पळसावरची भोरडी आणि खाडीतला रोहित यांचा एकमेकांशी तसा काही संबंध नाही. मात्र दोघेही त्या दिवसांत एकाच कामात गुंतलेले असतात. ते निघण्याची तयारी करीत असतात.

वसंत म्हणजे आगमनाचा ऋतू, ही कल्पना आपल्या मनात कोकिळेने रुजविली आहे. युरोपात ती पाखरांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे, कारण तेथे वसंतात पाखरे परततात. पण ती परततात ती कोठून? हिवाळाभर ज्या मुलखाने त्यांना पोसले, तेथून. आशिया खंडाच्या बाबतीत तो मुलूख म्हणजे बऱ्याच अंशी आपला देश होय. तेव्हा पाखरांच्या पंचांगात आपल्याकडचा वसंत हा प्रामुख्याने निरोपाचा ऋतू ठरतो. येणाऱ्या पाहुण्याकडे सर्वांचे लक्ष जाते. जाणारा केव्हा उठून गेला, हे मात्र पुष्कळदा घरच्यांनाही सांगता येत नाही.

मुंबई महानगर प्रदेशात मार्च-एप्रिल महिन्यांत होणारी काही पक्षिदर्शने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे पाण्यावर तरंगताना दिसतात. त्यांपैकी एकाचे नाव काळ्या डोक्याचा कुरव. डिसेंबरात त्याला पाहणारा नवखा माणूस या नावाने चकित होतो, कारण तेव्हा त्याचे डोके पांढरे असते. डोळ्यामागे काजळाचा ठिपका तेवढा असतो. मार्च उजाडता उजाडता डोके काळवंडू लागते आणि पाखराला त्याचे नाव शोभू लागते. पण तोवर त्याची जाण्याची वेळ झालेली असते. त्याचा सोबती तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर वीण करतो. चिखलात धावणारे लहानसहान तुतवार आणि चिखले यांचेही तसेच. हिवाळाभर मातकट दिसणारा वाकड्या चोचीचा तुतवार एप्रिलमध्ये विटकरी तांबडा होतो आणि सैबेरियाच्या उत्तर टोकाकडे निघतो. विणीचा हा पोशाख येथे अंगावर चढतो आणि तेथे मिरविला जातो. जाणकार पक्षिनिरीक्षक हे शेवटचे दोन-तीन आठवडे चुकवीत नाहीत, ते यासाठीच.

रोहित, म्हणजेच अग्निपंख, यांची कथा थोडी निराळी आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून छोटा रोहित आणि त्याचा थोरला भाऊबंद ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. खाडीतील शेवाळे आणि सूक्ष्म जीव हे त्यांचे अन्न. पाण्यात डोके उलटे बुडवून, चोचीतील चाळणीतून ते गाळून घेतात, आणि त्याच अन्नातील रंगद्रव्याने त्यांची पिसे गुलाबी होतात. महानगराचे सांडपाणीही त्या शेवाळ्याला पोसते, ही गोष्ट शहराला फारशी भूषणावह नाही, परंतु ती खरी आहे. शासनाने २०१५ मध्ये खाडीच्या एका भागास फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा दिला, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी सहा रोहितांच्या अंगावर ठावठिकाणा कळविणारी यंत्रे बसविली. त्यांतील काही पाखरे पुढे गुजरातच्या किनाऱ्याकडे गेल्याचे दिसून आले. वसंत सरता सरता हे थवे दाट होतात, रंग गडद होतो, आणि पावसाच्या तोंडावर एके दिवशी खाडी रिकामी होते.

या पाखरांना केवळ खाडी पुरत नाही, ही गोष्ट शहराच्या नियोजनकारांनाही उशिरा उमगली. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, आणि दर दिवशी दोन वेळा या हजारो पाखरांना उभे राहण्यासाठी उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. नवी मुंबईतील तळी ती गरज भागवितात. खाडीचे पाणी तळ्यात आणणारी वाट बुजली की तळे सुकते, पाखरे भटकतात, भलत्याच ठिकाणी उतरतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले आणि काही रोहित दगावले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपर परिसरात उतरणाऱ्या विमानाची एका थव्याशी धडक होऊन सुमारे चाळीस पाखरे मेली. तळ्याची वाट बुजणे आणि हा अपघात यांचा थेट संबंध होता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. एवढे मात्र खरे की, दुसऱ्या दिवशी सकाळी ती वार्ता साऱ्या शहरास ठाऊक झाली, मेलेल्या पाखरांची मोजदाद झाली आणि प्रश्न विचारले गेले. ज्याची मोजणी होत असते त्याचे मरणही मोजले जाते.

मुंबईला ही सवय एका दिवसात लागलेली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ ची. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याने सामान्य माणसाच्या हाती पाखरे ओळखण्याचे साधन दिले. २००५ मध्ये मुंबईत हौशी निरीक्षकांची एका दिवसाची पक्षी-शर्यत सुरू झाली. आता तर खिशातल्या मोबाईलवर नोंद होते आणि ती जगाच्या सामायिक खतावणीत जमा होते. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार झाला असून त्याचा पाया तीस हजारांवर हौशी निरीक्षकांच्या नोंदी हाच आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा आणि शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या जन्माचा, म्हणून ही योजना फार समर्पक आहे. मात्र नोव्हेंबर हा पाहुणे येऊन स्थिरावण्याचा काळ. निरोपाचा सप्ताह अद्याप कोणी पाळीत नाही.

आता डोणगावकडे वळू. नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता याच गावावरून मेहकरला जातो. पण त्या रस्त्याच्या एका टोकाला जितक्या नोंदी विपुल, तितक्याच या मधल्या पठारावर त्या विरळ आहेत. ज्ञान विरळ आहे असे नव्हे. भोरडीविषयी या भागातील जुन्या शेतकऱ्यास जेवढे ठाऊक असते, तेवढे ग्रंथांतही क्वचितच सापडेल. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या उतरणार, म्हणून मचाणावर गोफण घेऊन बसण्यात कित्येकांचे बालपण गेले. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियातील कझाकस्तानसारख्या प्रदेशांत दगडांच्या कपारींत घरटी करते आणि तेथे पिलांना टोळ व नाकतोडे भरविते. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला मुद्दाम दगडांची घरटी बांधून देण्यात आली. इकडे गोफण आणि तिकडे घरकुल! २०२० च्या मे महिन्यात टोळधाड विदर्भात शिरली, तेव्हा ती खाणारी ही पाखरे वीण करण्यासाठी उत्तरेस निघून गेलेली होती, हा योगायोग शेतकऱ्याच्या दृष्टीने दुर्दैवाचाच म्हणावा लागेल. एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भोरडी साधारण ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत आपल्याकडे असते. बारांतील आठ-नऊ महिने जे पाखरू येथे काढते, त्याला परदेशी पाहुणा म्हणावे की गावचा रहिवासी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गेल्या तीन-चार दशकांत या पठारावर सोयाबीन वाढले आणि ज्वारीचा पेरा आटला. मचाणे गेली, गोफणी गेल्या. त्याबरोबर भोरड्याही कमी झाल्या काय? की त्यांनी आपला मुक्काम पळस, पांगारा आणि काटेसावरीच्या फुलांपुरता ठेवला? या प्रश्नाचे उत्तर देण्यास आधी किती होत्या, केव्हा येत आणि केव्हा जात, हे माहीत हवे. ते डोणगावच्या चार वृद्धांच्या स्मरणात असेल, पण कागदावर नाही.

माळावर हिवाळाभर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या ससाणेही मार्च-एप्रिलमध्ये दिसेनासे होतात. येथून जवळ असलेल्या लोणारच्या सरोवरावर, जे २०२० मध्ये रामसर यादीत गेले, थंडीतली बदके कमी होऊन काठी शेकाटे आणि टिटव्या तेवढ्या मागे राहतात. गिधाडांची गोष्ट तर सर्वांसमोरची आहे. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशभरातील त्यांचे थवे नाहीसे झाले. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण आपल्या शिवारात शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी उतरले, हे किती गावांस सांगता येईल?

नोंद नसल्याने काय होते आणि खोटी नोंद असल्याने काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणास मिळाले नव्हते. ते नामशेष झाले असाच समज होता. मधल्या काळात रिचर्ड माइनर्टझ्हागेन या इंग्रज गृहस्थाने आपण ते १९१४ मध्ये गुजरातेत टिपल्याचा दावा केला, आणि शोध घेणारे तिकडे हिंडत राहिले. अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड केले. मग जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढीत १९९७ च्या नोव्हेंबरात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना हे पाखरू शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत सापडले. पुढे ते मेळघाटात आढळले आणि २०१४ मध्ये थेट तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावाच्या रानात. एकशे तेरा वर्षे ते पाखरू आपल्या जागीच होते. पाहणारे आदिवासी बांधवही होते. लिहिणारा नव्हता.

लिहिण्यास फारसे काही लागत नाही. शाळेची एक वही, पाखराचे नाव, जागा, वेळ, अंदाजे संख्या आणि तारीख. नाव ठाऊक नसल्यास रंग, आकार आणि चोच यांचे वर्णन चालते. अंदाजाने भलतेच नाव लिहिण्यापेक्षा ते बरे. तारखेविषयी मात्र थोडे सांगणे आवश्यक आहे. "भोरड्या होळीला जातात" असे म्हणण्याची रीत आहे, पण होळी चंद्राच्या हिशेबाने येते. २०२३ मध्ये ती ६ मार्चला होती, २०२४ मध्ये २४ मार्चला आणि २०२५ मध्ये १३ मार्चला. दोन वर्षांत अठरा दिवसांचे अंतर पडले, तर पाखरे उशिरा गेली की सण उशिरा आला, हे कसे समजावे? याउलट शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रे सूर्यावर चालतात. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच निघतो. म्हणून "मृग निघण्याआधी चार दिवस" ही नोंद "होळीनंतर चार दिवस" या नोंदीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते. आणखी एक गोष्ट. पाखरू दिसले नाही, तर तेही लिहावे. एप्रिलच्या १० तारखेस पळसाकडे जाऊन "आज भोरडी नाही" असे लिहिणारा विद्यार्थी जी माहिती देतो, ती रंगीत छायाचित्रांच्या ढिगातही सापडत नाही.

भोरड्या गेल्या की शिवार काही दिवस मुके वाटते. मग वैशाखाच्या उन्हात आंब्यावरून पावशा ओरडू लागतो, आणि "पेरते व्हा" असे तो सांगतो, ही समजूत सर्वत्र आहे. मे महिन्याच्या अखेरीस वळिवाच्या वाऱ्याबरोबर नवरंग येतो. मुंबईत तो कधी थकून एखाद्या इमारतीच्या जिन्यात सापडतो आणि वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. विदर्भात तो जंगलाच्या सावलीत पाचोळा उलटत असतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन स्वरांची शीळ घालतो. आफ्रिकेतून येणारा काळा-पांढरा, शेंडीवाला चातकही मृगाच्या आगेमागे बाभळीवर दिसतो. यंदा तो डोणगावच्या शिवारात कोणत्या तारखेस दिसला, हे ज्याच्या वहीत असेल, त्याने पुढील वर्षीची तारीख त्याच्या खालीच लिहावी. नवे पान उलटू नये.