आपले उत्तर तिच्या घरात कसे शिरते?

(सल्लाकेंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



'मदतकक्षाच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर जाणाऱ्या ईमेलची मांडणी' हे या सत्राचे नाव वाचून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते मी पाहिले. हे काम कॉम्प्युटर बसवून देणाऱ्या मुलाचे, त्यात आपण काय बोलायचे, असे तुम्हाला वाटले असेल. पण केंद्रातून निघालेले पत्र एखाद्या बाईच्या घरात जाते. ते कोणत्या नावाने जाते, वर काय लिहिलेले असते, ते आधी कोणाच्या नजरेला पडते, हे त्या मांडणीत ठरते. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी, हे सॉफ्टवेअर आपण का घेतले ते आठवू. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, केंद्राचा फोन आहे. पण ज्या घरात भिंतीलाही कान असतात तिथे फोनवर बोलता येत नाही. कॉलेजातली मुलगी, कार्यालयात साहेबाच्या वागण्याने त्रासलेली बाई, नवऱ्याच्या व्हिसावर परदेशात गेलेली आणि आपल्या दिवसाला तिची रात्र असलेली मुलगी, या लिहितात. इकडे आपण पाचसहा जणी पाळीपाळीने बसतो. एकाच पेटीत आलेले पत्र कोणी वाचले, उत्तर कोणी दिले, हे कळेनासे होते. एकीने तिला पोलिसात जा म्हणावे आणि दुसरीने थांब म्हणावे, असे व्हायला नको. सॉफ्टवेअर प्रत्येक प्रकरणाला क्रमांक देते, पत्रव्यवहार एकत्र ठेवते, जबाबदारी कोणावर ते दाखवते. हे सगळे उपयोगाचे आहे.

मात्र अशी बहुतेक सॉफ्टवेअरे मुळात कंपन्यांच्या ग्राहकसेवेसाठी बनलेली आहेत. फ्रिज बिघडल्याची तक्रार केलेल्या ग्राहकाला पटकन पोच मिळाली, वर कंपनीचे ठळक नाव दिसले, खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला आला, तर तो खूश होतो. आपल्याकडे लिहिणाऱ्या बाईच्या बाबतीत याच तीन गोष्टी घात करू शकतात. सॉफ्टवेअरने आधीच ठरवून ठेवलेले जसेच्या तसे ठेवले, तर आपण तिला फ्रिजच्या ग्राहकासारखे वागवतो.

तेव्हा बाहेर जाणाऱ्या पत्राकडून आपल्या दोन मागण्या आहेत. ते तिच्यापर्यंत पोचले पाहिजे, आणि तिच्याखेरीज कोणाला त्याचा वास लागता कामा नये.

पहिली मागणी आधी घेऊ. ईमेल पाठवण्याची जी पद्धत आजही चालते तिला एसएमटीपी म्हणतात. तिचे नियम १९८२ साली लिहिले गेले. त्या नियमांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नव्हती. पोस्टकार्डावर 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसा प्रकार. पुढे फसवणुकीचा सुळसुळाट झाला तेव्हा तीन बंदोबस्त आले. पहिला एसपीएफ: आमची पत्रे फक्त या या सर्व्हरवरून निघतात, अशी यादी आपण आपल्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत लावून ठेवायची. दुसरा डीकेआयएम: प्रत्येक पत्रावर लाखेच्या मोहोरेसारखी एक न दिसणारी सही. तिसरा डीमार्क: पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी ही यादी किंवा ही सही जुळली नाही तर पत्राचे काय करावे, याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे कडक केले. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे झाले. लहान पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोनपैकी निदान एक हवेच. आपण लहान असलो तरी तिन्ही करून घ्यावेत, कारण एकदाच करायचे काम आहे.

आता ओएसटिकेट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. त्यात आपण ईमेलचा पत्ता भरतो, पण बाहेर जाणाऱ्या पत्रांसाठी एसएमटीपीचा तपशील भरला नाही, तर ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ते बसवले आहे तिथूनच पत्र परस्पर सुटते. सॉफ्टवेअरमध्ये 'पाठवले' अशी नोंद होते, आपण निर्धास्त होतो. पण तो सर्व्हर आपल्या यादीत नसतो, पत्रावर सही नसते. पत्र स्पॅममध्ये पडते किंवा दारातूनच परत फिरते. तिकडे ती दोन दिवस वाट पाहते. तिला आपली तांत्रिक अडचण कळणार नाही. 'इथेही कोणी ऐकत नाही' एवढेच तिला कळेल, आणि दुसऱ्यांदा लिहायचे बळ ती कुठून आणेल?

म्हणून तंत्रज्ञाला नेमके विचारायचे. पत्र आपल्या ईमेल सेवेच्या सर्व्हरवरून, पासवर्ड देऊन, ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून, सांकेतिक रूपात जाते का? जुने २५ क्रमांकाचे पोर्ट अनेक सर्व्हर भाड्याने देणारे बंदच ठेवतात, त्याच्या नादी लागू नये. साधे जीमेल खाते वापरत असाल, तर नेहमीचा पासवर्ड सॉफ्टवेअरमध्ये टाकून चालत नाही. गूगलने ती वाट २०२२ मध्ये बंद केली. खात्याला दुहेरी कुलूप लावून सॉफ्टवेअरसाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढावा लागतो. तो कोणाकडे आहे याची वहीत नोंद ठेवा, आणि ती व्यक्ती केंद्र सोडून गेली की त्याच दिवशी बदला. पाठवणारा म्हणून पत्ता जीमेलचा लिहायचा आणि पत्र भलत्याच सर्व्हरवरून सोडायचे, असे तर मुळीच करू नका. ते बनावट धरले जाते.

परत आलेल्या पत्रांचेही पाहा. पत्ता चुकला किंवा तिची पेटी भरली की 'पोचले नाही' अशी सूचना उलट येते. ती रोज कोण वाचणार, हे पाळीच्या तक्त्यातच लिहून टाका.

आता दुसरी मागणी. आपल्याकडे फोन पुष्कळदा एका माणसाचा नसतो. ईमेलचे खाते नवऱ्याने किंवा मुलाने उघडून दिलेले असते, पासवर्ड त्याला ठाऊक असतो. फोन ओट्यावर पडलेला असतो आणि पत्र आले की बंद पडद्यावरही पाठवणाऱ्याचे नाव, विषय आणि पहिली ओळ झळकते. पत्र न उघडता सासूला, दिराला जे दिसायचे ते दिसून जाते.

म्हणून पाठवणाऱ्याच्या नावात 'अत्याचार', 'महिला', 'सल्लाकेंद्र' हे शब्द नकोत. एखादे साधे नाव घ्या. पत्त्यातले डोमेनही तसेच साधे आणि संस्थेच्या मुख्य डोमेनहून वेगळे असावे; नाव बदलले आणि पत्ता बोलका राहिला तर उपयोग काय? विषयाच्या जागी सॉफ्टवेअर आपणहून 'तुमची तक्रार नोंदवली' अशा अर्थाचे काही आणि कंसात क्रमांक घालते. तो मजकूर साच्यातून बदला, नुसता क्रमांक राहू द्या. पुष्कळ सॉफ्टवेअरे पत्रातल्या न दिसणाऱ्या ओळींवरूनही उत्तर कोणत्या प्रकरणाचे ते ओळखतात, मग क्रमांकही काढता येतो. पण काढण्याआधी करून पाहा. पहिली ओळ 'नमस्कार, तुमचे पत्र मिळाले' एवढीच. कलमे, कोर्ट, पोलीस हे खाली. तिने लिहिलेला मजकूर आपल्या उत्तराखाली पुन्हा जोडला जातो, तो बंद करा. तिने पाठवलेले पत्र पुसून टाकलेले असते आणि आपण तेच तिच्या पेटीत परत नेऊन ठेवतो! संस्थेचा पत्ता आणि फोन असलेली ठरावीक सहीही काढा.

सगळ्यात धोक्याची ती आपोआप जाणारी पोच. रात्री साडेअकराला तिने चोरून लिहिले, पाठवले, फोन जागेवर ठेवला. आणि अर्ध्या मिनिटात फोन वाजला. आपण कोणीही त्या वेळी जागे नव्हतो. ते उत्तर यंत्राने दिले. ओएसटिकेटमध्ये ही पोच सगळ्यांसाठी किंवा एखाद्याच विभागासाठी बंद करता येते. ती बंद करा. त्याऐवजी अर्जाच्या पानावरच लिहा: 'उत्तर दोन दिवसांत, अमुक नावाने येईल. या पत्त्यावर उत्तर दिलेले चालेल का? कोणत्या वेळी?' तिने 'नको' म्हटले, तर पत्र जाणार नाही. तिने सांगितलेल्या दुसऱ्या वाटेने आपण जाऊ. नाव आधी कळल्यामुळे अनोळखी नावाचे पत्र म्हणून ती ते टाकूनही देणार नाही.

इथे एक प्रश्न नक्की येतो. आपण इतकी वर्षे सांगत आलो की घरातला अन्याय खासगी नाही, तो चव्हाट्यावर आणा. मग आता नाव लपवून पत्रे पाठवायची का? माझे उत्तर असे: बोलायचे केव्हा आणि कोणापुढे, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. तिने घर सोडण्याची तयारी केली नसेल, दागिने, मुलांचे दाखले, बँकेची पुस्तके अजून कपाटात असतील, तर आपल्या एका विषयाच्या ओळीने तो निर्णय तिच्या हातून काढून घेतला जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने तिला राहत्या घरातल्या निवासाचा आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. तो मागायला ती सुखरूप वकिलापर्यंत पोचली पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचे सोळावे कलमही तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदाराची ओळख जाहीर करण्यास मनाई करते. गुप्तता हा कायद्यानेही मानलेला तिचा आधार आहे. नोकरी करणारीला कार्यालयाच्या ईमेल पत्त्यावर उत्तर धाडू नये, हेही त्यातच आले; ती पेटी मालकाची असते.

आणखी एक वाट बहुतेकींच्या लक्षात येत नाही. नवे पत्र आले की सॉफ्टवेअर आपल्या कार्यकर्त्यांनाही सूचना पाठवते, आणि त्या सूचनेत तिच्या पत्राचा मजकूर जसाच्या तसा असू शकतो. म्हणजे तिची हकीकत आपल्या पाच जणींच्या घरच्या फोनवर जाऊन बसते. आपल्याही घरात माणसे आहेत. सूचनेचा साचा बदलून 'एक नवे पत्र आले आहे' एवढेच ठेवा. वाचायचे ते केंद्रात, आपल्या नावाने आत जाऊन.

यातले एकही काम अवघड नाही. एसपीएफची नोंद तंत्रज्ञ करील, सर्व्हरचे नाव तोच भरील. पण पाठवणाऱ्याचे नाव काय, पोच जाऊ द्यायची की नाही, पत्राखाली काय जोडायचे, हे त्याने ठरवायचे नाही. त्याला त्या घराची माहिती नाही, आपल्याला आहे. हे प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत घ्या, ठराव लिहा आणि तो ठराव त्याच्या हाती द्या.

उद्या केंद्रात गेल्यावर एवढे करा. जीमेलवर एक आणि दुसऱ्या कुठल्या सेवेवर एक, असे दोन पत्ते घ्या. त्यांवरून आपल्याच केंद्राला पत्र लिहा आणि सॉफ्टवेअरमधून उत्तर पाठवा. ते पेटीत आले की स्पॅममध्ये, ते बघा. मग फोनचा पडदा बंद करून तो टेबलावर ठेवा, पुन्हा एक उत्तर पाठवा, आणि केंद्राशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजारणीला विचारा, 'बाई, हे पत्र कोणाचे, कशाबद्दल असेल?' तिला सांगता आले, तर मांडणी अजून पुरी झालेली नाही.